पंधरा मिनिटांत बाग झोपली

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेरला कोणी हौसेने येत नाही, मी पण आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून सुट्टी टाकून आले. पारा रोज 45 च्या आसपास, सकाळी नऊलाच अंगणातली फरशी पोळायची, रात्री कूलरमधून पण गरमच हवा. आणि आबांना स्वतःच्या गुडघ्यापेक्षा केळीची काळजी, कारण बाग नुकतीच निसवलेली, म्हणजे झाडांतून घड बाहेर पडलेले. एवढ्या उन्हात पानं करपतात, दांडा मऊ पडतो आणि घड सटकतो, म्हणजे झाड उभं असतानाच घड आपल्या वजनाने मोडून खाली लोंबतो. म्हणून रात्री लाईट असेल तेव्हा ठिबक चालू, पश्चिमेच्या बांधाला हिरवी नेट, वारा अडवायला बांधावर लावतात ती शेवरीची झाडं तर आधीच लावलेली, ज्या घडांचा भार जास्त त्यांना बांबूचा टेकू. महिनाभर पोराला ताप आल्यासारखी जपली ती बाग.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, त्यातला तिसरा-चौथा दिवस असेल. दुपारी चारच्या सुमारास वारा एकदम बंद, पान हलेना, आणि सातपुड्याच्या अंगाला काळंभोर आभाळ. आबा खाटेवरूनच म्हणाले, "पोरी, वावधान येतंय, दार लाव." दार लावेपर्यंत धुळीने समोरचं घर दिसेनासं झालं, शेजारच्या गोठ्याचे पत्रे उडाले. पाऊस तर थोडाच, पण वारा!

नंतर समजून घेतलं की हे असंच होतं. तापलेली हवा भराभर वर चढते, ढग उंच उंच वाढतो, त्यातून पडणारं पाणी खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतं, त्याने हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली आदळून जमिनीवर चौफेर पसरते. म्हणजे ज्या उन्हाने महिनाभर बाग भाजली त्यानेच त्या वाऱ्याला जोर दिला, आपण मात्र ऊन वेगळं आणि वादळ वेगळं धरतो. आमची नेट, शेवरी सगळी पश्चिमेला, झळा तिकडून येतात म्हणून, आणि वारा आला उत्तरेकडून, तिकडे बांध उघडाच.

केळीला लाकूड नसतं हो, खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ, मुळं वरवरची आणि डोक्यावर घड, भरला की वीस-पंचवीस किलोचा. सहा बाय पाच फुटांवर एकरी साडेचौदाशे झाडं बसतात, आमची दोन एकर, त्यातली निम्म्याहून जास्त एकाच दिशेला तोंड करून पडलेली. दोन शेतं सोडून तिसऱ्याची बाग उभी होती, वाऱ्याचा पट्टाच तेवढा. घड अजून भरलेले नव्हते त्यामुळे व्यापारी हात लावेना, आणि पडलेली झाडं तोडून वाहून टाकायला मजुरी आपलीच.

विम्याला 72 तासांत कळवायचं असतं. पण पोल आडवे, लाईट नाही, मोबाइल डिस्चार्ज! शेवटी भावाने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून चिखलात उभं राहून फोटो काढले, दुसऱ्या दिवशी रात्री एकदाची तक्रार गेली. पंचनामा झाला, पैसे अजून नाहीत. ज्या मुलखात दरवर्षी मे-जूनमध्ये हेच होतं तिथे वादळानंतर गावात चार दिवस तरी पंचनाम्याचा माणूस बसवायला काय हरकत आहे, मला खरंच राग येतो.

आबांनी बाग मोडली नाही, पडलेली खोडं कापून बुंध्याजवळचे चांगले पील, म्हणजे शेजारी फुटलेले नवे कोंब, राखलेत. गुडघा अजून नीट वाकत नाही तरी काल काठी घेऊन उत्तरेच्या बांधावर गेले, भावाला शेवरीच्या दोन ओळी आखून दिल्या.