लॉन गेलं, करवंदाची आफ्रिकेतली बहीण आली

आंजर्ल्याला आमच्या घरापुढे नऊ माड होते आणि त्यापुढे सुरूचं बन, त्यामुळे खारा वारा झाडांचं काय करतो हे मला खरं तर माहीतच नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारभरात सगळं आडवं झालं. उरली उघडी वाळू, आणि पडवीतून थेट समुद्र.

पाहुणे म्हणतात काय व्ह्यू आहे! तुम्ही वाळू झाडून बघा रोज, मग बोलू.

पहिल्या वर्षी हौसेनं लॉन लावलं. मार्चपर्यंत छान होतं, मग विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि लॉनचा पापड झाला. मग कोणीतरी वेडेलियाच्या चार फांद्या दिल्या, पिवळी फुलं, तीन महिन्यांत अंगण हिरवंगार, मी खूश. पण ती जिथे जमिनीला टेकेल तिथे मूळ धरते, गडगा ओलांडून शेजारच्या काकांच्या अळवात गेली तेव्हा कळलं काय लावून बसलोय. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या, जगातल्या १०० सगळ्यात वाईट घुसखोर प्रजातींच्या यादीत ती आहे, हे अर्थातच नंतर वाचलं. उपटून काढायला दोन पावसाळे गेले.

त्या उपटाउपटीत एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. वादळानंतरही पुळणीवरची मर्यादवेल आणि कुंपणाची कोयनेल जशीच्या तशी होती, कारण एकतर दोन्ही बुटकी, वाऱ्याच्या तडाख्यात फारशी येत नाहीत, आणि पानं जाड. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पानावर बसून पाणी ओढून घेतं आणि नाजूक पानांच्या कडा करपतात, जाड चकचकीत पानाला तेवढं होत नाही.

म्हणून मग कॅरिसा. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं झुडूप, आपल्या करवंदाच्याच कुळातलं, पान तोडलं की तसाच चीक. त्यातली बुटकी जात मिळते, ग्रीन कार्पेट, फूट-दीड फुटावर थांबते आणि चार फुटांपर्यंत आडवी पसरते. पांढरी चांदणीसारखी फुलं, संध्याकाळी पडवीत बसलं की वास येतो.

रोपं दोन-दोन फुटांवर लावली, ऑगस्टच्या शेवटी, पावसाचा जोर ओसरल्यावर, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं धरतात. वाळूत पाणी साचत नाही म्हणून आमच्याकडे पाऊस कितीही पडला तरी चालतं, पण मागच्या दारी चिकट लाल मातीत लावलेली दोन रोपं कुजून गेली. मधल्या जागेत नारळाची सोडणं पसरली. आणि लव्हाळा आधी काढा, प्लीज, मुळाशी खणून, गाठींसकट! मी वरवर उपटून लावलं आणि आता तो काट्यांच्या मधून डोकं वर काढतो. काटा साधा नाही, टोकाला दुहेरी, इंग्रजी वायसारखा, एकदा हातमोज्यातून आत गेलाय.

अजून एक, मधूनच एखादी फांदी सरळ वर जायला लागते, जोमदार, उभी. कौतुक वाटतं, पण ती बुडातून छाटायची, नाहीतर झाड आपलं बुटकेपण विसरतं.

आईचा विरोध वेगळाच होता. "एवढ्या गच्च झाडीत जनावर शिरलं तर?" जनावर म्हणजे साप. मुद्दा बरोबर होता म्हणून पडवीलगत दोन फूट पट्टा नुसता चिऱ्यांचा ठेवलाय, रात्री बॅटरी मारली की सगळं दिसतं. काट्यांची झाडं लहान मुलांच्या वाटेवरही लावली नाहीत.

यंदा मे महिन्यात पाणी आठवड्यातून एकदाच दिलं, तरी पानाची चमक गेली नाही. फळं मोजून तीन लागली, लालबुंद, बोराएवढी. एक बुलबुलानं नेलं, एक मी खाल्लं, तिसरं आईला दिलं. तिनं पूर्ण पिकलंय ना बघून चावलं, चीक ओठाला लागला म्हणून पदरानं पुसला आणि म्हणाली, "चव आहे, पण डोंगरावरची ती डोंगरावरची."

मग दुपारी मलाच पाटी घेऊन करवंदं काढायला पाठवलं.