आमची वाटचाल : धुळ्याच्या शेडमधला टू-स्ट्रोक

आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांनी सिलिंडर बोअरिंगचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातायचं मशिन टाकलं तेव्हा मी चौथीत होतो. राजदूत, येझदी आणि 1985 साली बाजारात आलेली आरएक्स 100 अशा सगळ्या टू-स्ट्रोक गाड्यांचा तो जमाना होता. कापसाचे पैसे हातात आले की साक्री, शिंदखेड्याकडची माणसं सिलिंडर काढून घेऊन यायची. दिवाळीनंतर शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे.

अण्णांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते बोट फिरवायला. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट असतात, पेट्रोल-हवेचं मिश्रण आत यायला आणि धूर बाहेर जायला, खिडक्यांसारखे. पिस्टनची रिंग दर फेरीला त्यांच्यावरून घासत जाते. बोअर मारल्यावर पोर्टची कड धारदार राहिली, तर रिंग तिथे अडकते आणि तुटते. म्हणून प्रत्येक कड बारीक कानशीने मोडायची, वरून पॉलिश पेपर मारायचा आणि मग करंगळी आत घालून चाचपायची. माझं झालं की अण्णा स्वतःचं बोट घालत. "बोचतंय अजून," म्हणाले की पुन्हा सुरुवात. आजही दोन माणसांची बोटं फिरल्याशिवाय सिलिंडर आमच्या शेडबाहेर जात नाही.

1996 साली येझदी बंद झाली, आरएक्स 100 पण. मग धुराचे नियम कडक झाले आणि रस्त्यावर फोर-स्ट्रोकच दिसू लागल्या. मी त्यांची सर्व्हिसिंग सुरू केली, त्यावर घर चाललं. त्या काळाबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. बोअरिंगचं मशिन मात्र विकलं नाही, ताडपत्री टाकून ठेवलं.

ती ताडपत्री निघाली शिरपूरकडच्या एका नानांमुळे. तरुणपणी त्यांनी नाशिकच्या मातीतल्या शर्यतींत शोगन ही टू-स्ट्रोक गाडी पळवलेली. पोत्यात बांधलेलं इंजिन त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, रस्त्यावर पळवायचं आता माझं वय नाही. पण आवाज तोच पाहिजे."

मातीत गाडी पळवलेली माणसं आवाजाबद्दलच का बोलतात, हे मला त्या कामात कळलं. खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असताना, टू-स्ट्रोक नुसती भुरभुरते. मग एका ठिकाणी आवाज एकदम फाटतो, चढा होतो आणि गाडी हातातून निसटल्यासारखी पुढे झेप घेते. ही सगळी करामत सायलेन्सरच्या फुगलेल्या पोटाची. बाहेर पडलेल्या दाबाची लाट मागच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि निसटून चाललेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लाटेची वेळ थोड्याच आरपीएममध्ये जुळते, आणि रायडरचं सगळं कसब गाडी तेवढ्या पट्ट्यात ठेवण्यात.

हे गणित पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी बसवलं. 1961 साली त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पूर्व जर्मनीतून पळून गेला आणि ती विद्या सुझुकीकडे पोचली. 1970 मध्ये जोएल रोबेर सुझुकीवर 250 सीसीच्या मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीतल्या शर्यतींचा, विश्वविजेता झाला, पुढे रॉजर डी कॉस्टरने 500 सीसीत पाच वेळा जग जिंकलं. धुळ्यात बसून पोर्टची कड मोडताना ही नावं आठवली की मला आपलं काम मोठं वाटतं, हे मी मोकळेपणाने सांगतो.

नानांच्या ओळखीतून पुण्याचे एक गृहस्थ जुनी यामाहा वायझेड 125 घेऊन आले. अस्सल मोटोक्रॉस गाडी, ना दिवा, ना हॉर्न, ना ऑइल पंप. पेट्रोलमध्ये लिटरला 30 मिली ऑइल आपणच मिसळायचं. या कामात आमची मोठी चूक झाली. मे महिन्यात, 44 डिग्रीत आम्ही कार्बोरेटर लावला. गरम हवा विरळ, म्हणून पेट्रोल सोडणारा मेन जेट लहान भोकाचा घातला. गाडी सुंदर चालली. डिसेंबरच्या थंडीत हवा दाट झाली, पेट्रोल कमी पडू लागलं आणि पिस्टन सीज झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झाला. जेट बदलायचा असतो हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. नवा पिस्टन आणि बोअर आमच्या खर्चाने करून दिला. तेव्हापासून प्रत्येक गाडीची वही असते, तिच्यात जेटचा नंबर आणि त्या दिवसाचं तापमान लिहितो. उन्हाळ्याचा आणि थंडीचा, दोन्ही जेट गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

नानांचं इंजिन बसवून गाडी लळिंगकडे नेली. ऑइल एरंडेलावर बनलेलं रेसिंगचं होतं, नानांनीच कुठून तरी मिळवलेलं. त्याचा तो गोडसर वास सुटला आणि नाना गप्प झाले. मी तिसऱ्यात मूठ पिळली. आवाज फाटला. परत आलो तेव्हा नाना रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभे होते. एरवी माझ्याशी शहरी मराठीत बोलणारे नाना अहिराणीत म्हणाले, "हाऊ तोच आवाज शे, भाऊ."

अण्णा आता शेडमध्ये संध्याकाळीच येतात. सध्या ओट्यावर तीन सिलिंडर आहेत, दोन आरएक्सचे, एक येझदीचा. येझदीचा डावा पोर्ट काल अण्णांना बोचला. आज पुन्हा कानस घेतली आहे.