लॉग वाचताना ‘किती’च्या आधी ‘कधी’

नेटवर्कमधील घुसखोर शोधायचा म्हटले की बहुतेक जण लॉगमधून, म्हणजे राउटर-सर्व्हरने ठेवलेल्या जोडण्यांच्या नोंदींतून, आधी सर्वाधिक डेटा कोणी वापरला याची यादी काढतात. लातूर-जालना भागातील लहान कार्यालयांत, जिथे प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत सगळे एकाच माणसाकडे असते, ही सवय फार दिसते. त्या यादीत वर येतात ते व्हिडिओ आणि विंडोजचे अपडेट. बाधित संगणक बहुधा तळाशी असतो, कारण तो हल्लेखोराच्या सर्व्हरकडे केवळ हजेरी लावतो, काही हुकूम आहे का एवढे विचारतो आणि जोडणी बंद करतो.

म्हणून एका आतील यंत्राकडून एकाच बाहेरच्या पत्त्याकडे गेलेल्या जोडण्या मी वेगळ्या काढतो आणि लागोपाठच्या दोन जोडण्यांमधील अंतर सेकंदांत मोजतो. माणूस संकेतस्थळे पाहत असतो तेव्हा ही अंतरे विस्कळीत असतात. प्रोग्राम बोलत असतो तेव्हा ती एका आकड्याभोवती गोळा होतात. कोबाल्ट स्ट्राइक हे सुरक्षा-चाचणीसाठी बनवलेले, पण गुन्हेगारांनीही उचललेले साधन. त्याच्या दोन हजेऱ्यांमधील मूळ अंतर ६० सेकंदांचे असते. ‘जिटर’ (अंतर यदृच्छया कमी करणारी सोय) वापरून ते अस्थिर करता येते, मात्र २० टक्के जिटर ठेवला तरी अंतर ४८ ते ६० सेकंदांतच फिरते आणि दिवसभराच्या नोंदी एकत्र मांडल्यावर तो पट्टा उघड दिसतो.

अर्थात अँटिव्हायरस, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र हेही वेळेचे पक्के असतात. त्यामुळे तेच डोमेन (इंटरनेटवरचे नाव) कार्यालयातील आणखी किती यंत्रे विचारतात, हे पाहावे लागते. अँटिव्हायरसचा पत्ता सगळेच विचारतात. हिशेबाचा एकच संगणक नुकत्याच नोंदलेल्या डोमेनकडे जात असेल, तर तिथे थांबून नीट तपासावे. रात्रीची रहदारी संशयास्पद, हा नियम पतसंस्थेत चालतो, पण गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा संगणक रात्रभर जागाच असतो.

डोमेनच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस या यंत्रणेचे लॉग मला सर्वांत बोलके वाटतात. २००८ मध्ये आलेल्या कॉन्फिकर या संगणक-किड्याची (वर्म) सुरुवातीची आवृत्ती हुकूम घेण्यासाठी रोज २५० डोमेन-नावे तयार करत असे, पुढची एक आवृत्ती ५०,०००. अशी बहुतेक नावे नोंदलेलीच नसल्याने एकाच संगणकाला ‘असे डोमेन नाही’ या उत्तरांचा भडिमार होतो. दुसरी खूण म्हणजे एकाच डोमेनखाली सतत बदलणारी, लांबलचक, अर्थहीन उपनावे. नावाच्या एका तुकड्याची मर्यादा ६३ अक्षरांची असते, आणि चोरलेली माहिती त्या मर्यादेपर्यंत ठासून बाहेर नेली जाते. २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणातील सनबर्स्ट या घातक प्रोग्रामने बळी पडलेल्या संस्थेची ओळख अशाच उपनावांत दडवली होती, आणि तेही सुमारे दोन आठवडे गप्प राहिल्यानंतर.

इथे आमच्याकडचे भारनियमन आड येते. स्वस्त राउटर लॉग स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि वीज गेली की तो पुसला जातो. वीज आल्यावर काही राउटरांचे घड्याळ भलत्याच तारखेपासून सुरू होते आणि अंतरांचे गणितच बिघडते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे जुळवणे, लॉग १८० दिवस जपणे आणि घटना सहा तासांत कळवणे यांचा समावेश आहे. त्यांतील पहिल्या दोन गोष्टी साध्या सिसलॉग सर्व्हरने (लॉग एका जागी साठवणारा संगणक) आणि एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) साधतात. भारनियमनाचा एक फायदाही आहे. वीज आल्यावर, कोणी लॉगिन करण्यापूर्वीच, कोणता संगणक कोणते डोमेन विचारतो, हे स्वच्छ दिसते.

संशय पक्का झाला की मी डीएचसीपीच्या, म्हणजे यंत्रांना नेटवर्कवरचा पत्ता वाटून देणाऱ्या सेवेच्या, नोंदीवरून नेमके यंत्र ओळखतो, त्याची नेटवर्क केबल काढतो, पण मेमरीतील पुरावा जाऊ नये म्हणून ते चालूच ठेवतो. मग साठवलेल्या लॉगमध्ये त्या डोमेनची पहिली विचारणा कधी आणि कोणत्या यंत्राने केली, हे शोधतो; त्या दिवशी त्या यंत्रावर आलेल्या मेलपासून आणि डाउनलोडपासून पुढचा तपास सुरू करावा लागतो.