फ्रीसलंडच्या मालवाहू होड्या आणि त्यांची शर्यत

नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतात जुलैच्या उत्तरार्धात दोन आठवडे असे येतात, की गावागावांत बोलण्याचा विषय एकच असतो: आज वारा किती आहे आणि कोणत्या दिशेने येतो आहे. हे दोन आठवडे ‘स्कूत्शेसिलेन’चे, म्हणजे जुन्या मालवाहू शिडांच्या होड्यांच्या शर्यतीचे. या देशात वाऱ्यावर खेळण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. आयसेलमेर सरोवराच्या काठी माक्कुम आणि वोर्कुम येथे पाणी कमरेइतके उथळ असल्यामुळे पतंगाला बांधून घेऊन फळीवर घसरणाऱ्यांची कायम गर्दी असते, तर उत्तर समुद्राच्या ओल्या वाळूवर चाके लावलेल्या शिडाच्या गाड्या धावतात. त्या सर्वांत मला स्कूत्शे अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ही होडी खेळासाठी बांधलेली नाही.

स्कूत्शे म्हणजे सुमारे वीस मीटरपर्यंत लांबीची, सपाट तळाची होडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1930 च्या दशकापर्यंत अशा लोखंडी आणि पोलादी होड्या येथील गोद्यांमध्ये मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. त्यांतून पीट नावाची जळाऊ माती, शेणखत, बटाटे आणि शर्कराकंद यांची वाहतूक होत असे. नावाड्याचे सारे कुटुंब मागच्या बाजूच्या एवढ्याशा खोलीत राहत असे, आणि वारा पडला की त्याची बायको व मुले खांद्याला दोर लावून काठावरून चालत होडी ओढत असत. आज काठावर उभे राहून टाळ्या वाजवताना हा भाग विसरला जाऊ नये, असे मला वाटते. ‘जुने दिवस’ म्हणून ज्याचे कौतुक होते, ते अतिशय कष्टाचे जिणे होते.

शर्यतीची सवयही त्याच जिण्यातून आली. उन्हाळ्यात काम मंदावले की गावातले खानावळवाले नावाड्यांना जमवून बक्षिसे लावीत. गर्दी झाली की त्यांची बिअर खपे. पुढे मालट्रक आणि इंजिनाच्या होड्या आल्या, शिडावरचा माल संपला आणि एकामागून एक स्कूत्शे भंगारात किंवा राहत्या घरांत रूपांतरित होऊ लागली. 1945 मध्ये या शर्यतींसाठी एक मध्यवर्ती समिती स्थापन झाली नसती, तर ही कला बहुधा संग्रहालयातच उरली असती. आपल्या कोकणातही कौले, मीठ आणि आंबे घेऊन मुंबईला जाणाऱ्या शिडाच्या गलबतांची जागा इंजिनांनी घेतली, त्यामुळे हा इतिहास ऐकताना मला तो परका वाटला नाही.

समितीच्या शर्यतीत चौदा होड्या उतरतात आणि प्रत्येक होडी एखाद्या गावाची किंवा शहराची असते; शिडावर त्या गावाचे चिन्ह असते. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, जुन्या नावाडी घराण्यातलाच असावा, अशी परंपरा आहे. त्यामुळे आजोबा, मुलगा आणि नातू यांनी एकाच सुकाण्यावर हात ठेवल्याची उदाहरणे येथे नवलाची नाहीत. या नियमामुळे बाहेरच्यांना वाव मिळत नाही, म्हणून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वांना खुली असणारी वेगळी स्पर्धा सुरू झाली. ती ऑगस्टमध्ये भरते आणि तिच्यात होड्यांची संख्या कितीतरी अधिक असते. मला दोन्ही पद्धतींत तथ्य दिसते, पण घराण्याच्या अटीमुळे निदान जुने ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे हातोहात गेले, हे मान्य करावे लागते.

हे ज्ञान नेमके कसले, ते द वेनहोपसारख्या अरुंद पाण्याच्या ठिकाणी जवळून दिसते. सपाट तळामुळे या होडीला खाली खोल कणा नसतो, म्हणून बाजूने वारा आला की ती पुढे जाण्याऐवजी आडवी घसरू लागते. ती घसरू नये म्हणून दोन्ही कुशींना एकेक रुंद लाकडी पाते टांगलेले असते. वारा ज्या बाजूने येतो, तिच्या विरुद्ध बाजूचे पाते पाण्यात सोडायचे आणि दुसरे वर ओढून घ्यायचे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जायचे असेल, तर नागमोडी वळणे घेतच जावे लागते आणि प्रत्येक वळणावर पात्यांची ही अदलाबदल करावी लागते. तांडेल ओरडतो, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्यातून फिरते, शिडाचा आडवा वासा खलाशांच्या डोक्यावरून पलीकडे जातो, आणि त्याच क्षणी दोघे जण दोर सोडत असतात तर दोघे ओढत असतात. पाणी उथळ असले की पाते चिखलात घासून वेग मरतो, म्हणून काठाजवळ ते थोडे उचलून धरावे लागते. किती उचलायचे, याचा अंदाज हाताला येणाऱ्या ओढीवरूनच घ्यावा लागतो.

याच्या जोडीला दुसऱ्याचा वारा तोडण्याचा डाव असतो. वाऱ्याकडच्या बाजूची होडी आपल्या दीडशे चौरस मीटरच्या आसपास असलेल्या शिडाने पलीकडच्या होडीचा वारा अडवते, आणि त्या होडीचे शीड क्षणात सैल पडते. मग काठावरच्या लोकांचा आरडाओरडा सुरू होतो. कोणत्या होडीला वाट द्यायची, यावरून तांडेलांचे एकमेकांशी जे बोलणे होते ते फ्रिशियन भाषेत असते, आणि ते सभ्य नसते, एवढे समजण्यापुरती ती भाषा मला आली आहे. धडक झाली किंवा नियम मोडला की संध्याकाळी तक्रार दाखल होते आणि निकाल रात्रीपर्यंत लांबतो.

गुणांची पद्धतही गमतीची आहे. पहिल्या क्रमांकाला 0.9 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 3 असे करत सर्व शर्यतींनंतर ज्याच्या गुणांची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. पहिल्या क्रमांकाची किंमत किंचित वाढावी, एवढ्यासाठी तो दशांश ठेवला आहे. रविवारी शर्यत होत नाही. वारा अगदीच पडला किंवा फारच जोराचा असला, तर त्या दिवसाची शर्यत पुढे ढकलली जाते अथवा रद्द होते, आणि हजारो माणसे फारशी कुरकुर न करता खुर्च्या गुंडाळून घरी जातात. आपल्याकडे पावसाने क्रिकेटचा सामना थांबला की जो संताप होतो, तो येथे पाहायला मिळत नाही.

उन्हाळ्यात इकडे येणाऱ्या आप्तांना मी ग्राउची सुरुवातीची शर्यत किंवा स्नेकची शेवटची शर्यत सुचवतो. गर्दी नको असेल, तर स्टाव्होरेनला जावे. तेथे मोठ्या आयसेलमेरवर होड्या दूर जातात, त्यामुळे दुर्बीण लागते. जुलै असला तरी वारा अडवणारे जाकीट बरोबर असू द्यावे, आणि घरून निघण्यापूर्वी शर्यत होणार आहे की नाही, हे त्या दिवशी सकाळी पाहून घ्यावे.