इथिओपियाच्या पाहुण्यांसोबत काटोलच्या चरांवर

गेल्या जानेवारीत इथिओपियाहून आलेल्या अकरा अधिकाऱ्यांना घेऊन मी तीन दिवस नागपूर जिल्ह्यात फिरले. सगळे त्यांच्या 'वोरेडा'त काम करणारे, म्हणजे साधारण आपल्या तालुक्याच्या कारभारातले. त्यांना आपली रोजगार हमी बघायची होती. माझी बरीचशी नोकरी हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका तपासण्यात गेली, म्हणून सोबतीला मला बोलावलं. अशा देशांतल्या अधिकाऱ्यांना आपण 1964 पासून आयटेकमधून, म्हणजे भारत सरकारच्या परदेशी अधिकाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातून, प्रशिक्षण देत आलोय, त्यामुळे पुढची तुकडी कोणाच्या तरी वाट्याला येणारच. जे त्या तुकडीसोबत फिरतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी जेवणाचं. पाहुणे बुधवारी पोचले आणि नागपुरात आले म्हणून मी हौसेनं सावजी मटण सांगून ठेवलं. त्यांच्यातले बरेच जण ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, बुधवार-शुक्रवार उपास. आपला साबुदाण्याचा नव्हे. मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. मटण गेलं, पनीर आलं, तेही परत गेलं. शेवटी झुणका, भाकरी आणि ठेचा आला तेव्हा सगळे पोटभर जेवले. त्यांची इंजेरा आंबवलेल्या पिठाचीच असते, त्यामुळे आंबोळी दिली तर त्यांना घरचं वाटेल. दोघे मुसलमान होते, त्यांना हलाल लागतं. हे सगळं तुकडी यायच्या आधी विचारून घ्या.

दुसरं घड्याळ. इथिओपियात दिवस सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. वेळापत्रकात मी नुसतं '1 वाजता' छापलं होतं. दुपारच्या बैठकीसाठी दोघे जण सकाळी सातलाच विश्रामगृहाच्या फाटकाशी येऊन उभे. फार वाईट वाटलं मला. 'दुपारी' हा एक शब्द लिहायला काय लागतं? सनाचंही तसंच. त्यांची सार्वजनिक कामांची योजना 2005 मध्ये सुरू झाली, पण त्यांच्या कागदावर ते वर्ष 1997 आहे. आपल्याकडे शके आणि इसवी सन असतात, तसं समजून घ्यायचं.

आता मुख्य दिवस. सिव्हिल लाइन्सहून सकाळी साडेसहाला निघालो, काटोल साठेक किलोमीटर. उशिरा निघू नका, मजूर सकाळीच कामाला लागतात आणि काम चालू असतानाच बघण्यात अर्थ आहे. आदर्श गावात नेण्याचा आग्रह वरून होता. मी मात्र मुद्दाम एका साध्या गावाच्या टेकडीवर नेलं. तिथले समतल चर, म्हणजे पाणी अडून मुरावं म्हणून उतारावर आडवे, एका पातळीत खणलेले चर, मागच्या पावसात दोन ठिकाणी फुटले होते आणि दुरुस्ती चालू होती.

गावात रोजगार हमीचं काम बघणाऱ्या रोजगार सेवकानं विचारलं, "मॅडम, फुटलेलं काहून दाखवता त्यायले?" मी म्हटलं, तेच बघायला आलेत.

पाहुण्यांतला एक उंचापुरा, अबोल माणूस चराच्या काठाकाठानं चालत गेला आणि खाली बसला. त्यानं सुतळी मागितली, दोन सारख्या उंचीच्या काठ्या मागितल्या आणि गवंड्याची बारकी पाणसळ स्वतःच्या खिशातून काढली. सुतळीच्या मधोमध पाणसळ अडकवून एका मजूर बाईला दुसऱ्या टोकाला उभं केलं. बुडबुडा मध्ये येईना. तीन वेळा जागा बदलली. चराचा तळ एका टोकाला वीतभर खाली निघाला. सगळं पाणी तिकडे धावायचं आणि तिथूनच बांध फोडायचं. त्यांच्या डोंगरात शेताचे बांध असेच घालतात म्हणे. मोजमाप पुस्तिकेत त्याच चराची लांबी, रुंदी, खोली चोख होती. उताराचा रकानाच नाही! इतकी वर्षं मी त्या पुस्तिकांवर सह्या केल्या.

मग मजूर बायांनी त्यांना घेरलं. पहिला प्रश्न, "तुमच्याकडं पैसे कवा भेटते?" पाहुणे आपसात बोलले आणि खरं सांगितलं की उशिरा, बरेचदा. तिथून गप्पा मोकळ्या झाल्या. त्यांच्याकडे गाव ठरवतं कोण गरीब, आणि माणशी महिन्याला पाच दिवस काम. म्हाताऱ्या, अपंग माणसाला मात्र कामाशिवाय मदत मिळते. हे ऐकून एक आजी म्हणाली, "हे बरं हाय." आपल्याकडे 1977 च्या कायद्यानं मागेल त्याला काम दिलं, पण जिच्या अंगात काम मागायची ताकदच उरली नाही, तिला तिथे जागा नव्हती.

पैसा कुठून येतो, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, कारण त्यांची योजना मुख्यतः परदेशी मदतीवर चालते. मी माझं जुनं पगारपत्रक सोबत ठेवलं होतं. त्यातल्या 'व्यवसाय कर 200 रुपये' या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला तो खेड्यातल्या या कामांसाठी. अकराही जणांनी त्या ओळीचा फोटो काढला. तुम्हीही एक पगारपत्रक न्या, तासाभराच्या भाषणाचं काम करतं.

दुभाष्या नागपुरी समजणारा घ्या, पुण्याकडच्या मुलाची तिथे पंचाईत झाली. टेकडीवर सावली नाही, टोप्या आणि पाणी भरपूर ठेवा. मार्चनंतरची तारीख घेऊच नका. परतीच्या शुक्रवारी संत्रा बर्फी द्याल तर त्यात खवा असतो हे सांगून द्या; आमच्या पाहुण्यांनी ती शनिवारसाठी बांधून घेतली. पाणसळ मात्र तो माणूस रोजगार सेवकाच्या हातात ठेवून गेला.