लाल ठिपक्यावर अडलेले तीन आठवडे: माझा अनुभव

ड्रॉइंग चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी मंजूर व्हायलाच हवं होतं. चवथीत आमच्या गोव्यातल्या कुंडईच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर तर सोडाच, गेट उघडायलाही माणूस मिळत नाही. काम म्हटलं तर साधं: जेटीवरचा गँगवे (बोटीत चढायचा छोटा पूल) टेकवायचा ब्रॅकेट, १२ मिलिमीटरची प्लेट, आयएस २०६२ मधलं ई२५० स्टील. मॉडेल, फिक्स्चर (तो कुठे घट्ट धरलाय ते), लोड, मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे) हे सगळं सॉलिडवर्क्स सिम्युलेशन या सॉफ्टवेअरमध्ये एका दिवसात उरकलं. पुढचे तीन आठवडे गेले ते निकालाच्या चित्रापायी, म्हणजे कुठे किती स्ट्रेस (ताण) आहे ते रंगांनी दाखवणाऱ्या चित्रापायी.

पहिल्या रनमध्ये दोन प्लेटी काटकोनात मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात ४१२ एमपीए (मेगापास्कल) स्ट्रेस आला. यील्ड, म्हणजे ज्याच्या पुढे स्टील कायमचं वाकतं ती मर्यादा, २५०. मेश बारीक केली तर ५३०, आणखी बारीक केली तर ६९०. असं झालं तर लगेच प्लेट जाड करायला धावू नका. मॉडेलमधला आतला कोपरा धारदार असला की तिथला स्ट्रेस मेशबरोबर चढतच जातो, तो कुठे थांबतच नाही. मी गसेट (कोपऱ्यातली आधाराची प्लेट) घातला, कोपऱ्याला १० मिलिमीटरची गोलाई दिली. मग १३९, आणि मेश बारीक केल्यावर १४२. आकडा स्थिरावला, मी निर्धास्त झालो. जुनं आणि नवं अशी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून रिपोर्ट मंजुरीसाठी पाठवला.

आठवड्याने रिपोर्ट परत आला. शेरा एका ओळीचा: ‘रेड झोन आहे, सुधारून पाठवा.’

मी फोन केला. पलीकडचे मंजुरी देणारे साहेब म्हणाले, ‘दोन्ही चित्रांत कोपरा लालच आहे. तुम्ही बदललं काय?’ मी म्हटलं, ‘साहेब, शेजारची रंगांची पट्टी बघा, एकीकडे वर ४१२ आहे, दुसरीकडे १४२.’ ते म्हणाले, ‘लाल म्हणजे लाल. आणि ब्रॅकेट तर वाकलेला दिसतोय.’

फोन ठेवला तेव्हा भयंकर राग आला होता. पण रात्री तेच चित्र परक्या नजरेने पाहिलं आणि चूक माझ्याच पानावर सापडली. पट्टीची मर्यादा आपण ठरवली नाही तर ती आपोआप त्या त्या रनच्या कमाल आकड्यावर बसते. म्हणजे ‘या चित्रातला सगळ्यात मोठा आकडा इथे आहे’ एवढंच तो लाल सांगतो. ब्रॅकेट १४२ चा असो नाहीतर १४ चा, कुठेतरी लाल उमटणारच. यील्डशी त्या लालाचा काही संबंध नाही, पण बघणारा माणूस तो जोडतोच. मीही शिकत असताना जोडायचो.

मग प्लॉटवर राइट-क्लिक, चार्ट ऑप्शन्स, आणि दोन्ही चित्रांना किमान ०, कमाल २५०. नव्या डिझाइनचा कोपरा हिरवा झाला. जुन्याचा लालच राहिला, तो राहायलाच हवा होता. शॉपमधल्या एकाने सुचवलं होतं, कमाल ६०० कर, सगळंच निळं दिसेल. ते मी केलं नाही आणि कोणी करू नये. त्या गँगवेवरून माणसं चालणार आहेत.

वाकण्याचं उत्तर सेटिंगमध्येच होतं. ब्रॅकेट प्रत्यक्षात ०.८ मिलिमीटर हलत होता, चित्रात तो पंचावन्न पट करून दाखवला होता. डिफॉर्म्ड शेपला (वाकलेल्या आकाराला) ट्रू स्केल, म्हणजे खरं प्रमाण, दिलं. कुठे वाकतोय ते समजावं म्हणून वाढवलेलं चित्र वेगळ्या पानावर ठेवलं आणि त्याखाली ‘५५ पट वाढवून’ असं ठळक लिहिलं. एककाचंही तसंच. पट्टीवर न्यूटन प्रति चौरस मीटर आणि १.४२ई+०८ असं काही छापून आलं तर वाचणारा तिथेच थांबतो. एमपीए करा, साधे आकडे, एक दशांश पुरे.

तरी रिपोर्ट दुसऱ्यांदा अडला. या वेळी मी कदंबा बस धरून थेट पणजीला गेलो. टेबलावरच्या फाइलीत माझा रिपोर्ट होता, काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये. लाल आणि गडद निळा, दोन्ही सारखेच काळपट. पिवळा तेवढा फिका. जिथे स्ट्रेस जवळपास नव्हताच तो बोल्टाकडचा भागही साहेबांना जळल्यासारखा दिसत होता, आणि त्या कागदावर मलाही तो तसाच दिसला. तिथे बसल्या बसल्या लॅपटॉप उघडून रंगांच्या जागी ग्रे स्केल घेतला, बॅकग्राउंड पांढरं केलं, प्रोबने (त्या त्या जागेचा आकडा दाखवणाऱ्या टूलने) सहा जागी टिचकी मारून आकडे थेट चित्रावरच उमटवले. कोपऱ्यावर १४२, पट्टीच्या टोकाला २५०. साहेबांनी बोट ठेवून दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाले, ‘हे आधी का नाही दिलंत?’

सही चवथीच्या दोन दिवस आधी झाली. बाणस्तारीच्या पुलावरून परतताना माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान घेतलेली माणसं बसमध्ये चढत होती. मला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं.

एक सांगायचं राहिलं. प्रोब करण्याआधी नोड व्हॅल्यू (मेशच्या सांध्यांवरचा सरासरी आकडा) आणि एलिमेंट व्हॅल्यू (एकेका तुकड्याचा आकडा) दोन्ही लावून बघा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर मेश अजून जाड आहे, चित्र सजवायची वेळ आलेली नाही. आणि हाताने बसवलेली २५० ची मर्यादा मटेरियल बदललं तरी आपोआप बदलत नाही. ई२५० चीही प्लेट २० ते ४० मिलिमीटर जाड झाली की यील्ड २४० धरावं लागतं, तेव्हा पट्टीचं टोकही २४० वर आणा.