पाचर निघेना

मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करते. आमच्या नकाशात तीन रंग असतात. आहे ते काळं, नवं बांधायचं ते लाल आणि पाडायचं ते पिवळं. वाड्याच्या सदरेवरची अठरा फूट लांबीची विटांची भिंत त्या नकाशात पिवळी होती, आणि ती मीच रंगवलेली होती.

वाडा कुठला ते सांगत नाही. काम अजून चालू आहे आणि मला ते गमवायचं नाही. सातारा बाजूचा, दोन चौकी, दगडी जोतं, वर लाकडाचा सांगाडा, एवढं पुरे. बांधला एका सरदाराने. इंग्रजी अमलात तिथे मामलेदाराची कचेरी बसली, मग शाळा आली, शाळा गेल्यावर धान्याचं गोदाम झालं आणि शेवटी कुलूप. दुरुस्तीचा निधी मंजूर झाला तेव्हा कागदावर एक वाक्य ठळक होतं: ‘नंतरची सर्व भर काढून वाड्यास मूळ स्वरूप प्राप्त करून देणे.’ सदरेचे दोन वर्ग करणारी ही भिंत शाळेच्या काळातली. म्हणजे भर. म्हणजे पिवळी.

बाहेरच्या माणसाला वाटतं की घर भिंतींवर उभं असतं. वाड्यात तसं नसतं. जमिनीत बसवलेल्या दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबाच्या डोक्याला हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कडीपाट आणि कडीपाटावर वीतभर माती घालून केलेली वरच्या मजल्याची जमीन. सगळा भार असा लाकडालाकडातून खाली उतरतो. मधली भिंत नुसता पडदा. ती काढली तरी वाड्याला काही होऊ नये, असं पुस्तक सांगतं. बहुतेक वाड्यांत ते खरंही असतं.

या भिंतीचं वय विटेवरून कळत होतं. पेशवाईतली वीट पातळ, चपटी. ही नऊ इंची, जाड, मधे खाच असलेली. सांधे मात्र चुन्याचे, सिमेंटचा कण नाही. म्हणजे ढोबळमानाने शंभर वर्षांपूर्वीची, थोडी इकडेतिकडे. एका बाजूला गिलाव्यावरच काळा रंग देऊन फळा केलेला होता, आणि अक्षरं सरळ यावीत म्हणून गुरुजींनी त्यात खिळ्याने दुरेघी कोरून ठेवलेली होती. त्या फळ्याचा फोटो मी काढला, नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि भिंत पाडायला मोकळी झाले. नोंद केली की पाडायचा परवाना मिळाल्यासारखं आम्हाला वाटतं. ही आमच्या धंद्याची खोड आहे.

गुरुवार होता. पावसाळा संपून महिना झाला होता. आबा आणि तीन पोरं परांचीवर चढून वरून वीट सोडवत होती. आबांनी उभा जन्म चुन्यात काढलाय. चुन्याची घाणी फिरताना आवाजावरून चुना झाला की नाही हे ते सांगतात, आणि प्रयोगशाळेचा अहवाल आठवड्याने येऊन तेच सांगतो. ठेकेदार त्यांना गवंड्याचीच हजेरी देतो, कारण अंदाजपत्रकात ‘आबा’ असा दर नाही.

भिंतीचा सगळ्यात वरचा थर आणि तुळई यांच्यात दगडाच्या चिपा आणि बाभळीच्या पाचरी ठोकलेल्या होत्या. तीन पाचरी निघाल्या. चौथीला आबा थांबले.

“ताई, ही निघंना.”

“पावसाने फुगली असेल, आबा.”

“फुगल्याली हलती तरी. हिच्यावर वजन हाय.”

त्यांनी हातोडीच्या दांड्याने पाचरीवर हलकं वाजवलं, मग शेजारच्या विटेवर, मग पुन्हा पाचरीवर. मला काही फरक कळला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही कळला.

माझ्याकडे दुसरं एक साधन होतं. आठवड्यापूर्वी तुळईच्या खालच्या अंगाला, खांबाच्या डोक्यावरच्या सांध्यावर मी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्याच, पन्नासची डबी. दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये रोवायची आणि तारीख टाकायची. सांधा केसभर जरी सरकला तरी काच तडकते, कारण तिला वाकता येत नाही. हजारो रुपयांची इलेक्ट्रॉनिक यंत्रंही मिळतात, पण ती अंदाजपत्रकात नव्हती. पट्ट्याही नव्हत्या, त्या मी पदरच्या पैशांनी आणल्या होत्या. सल्लागारांनी बघून विचारलं होतं, “हे विज्ञान प्रदर्शन कशासाठी?”

मी शिडी लावून वर गेले. पाचपैकी दोन पट्ट्या आडव्या तडकलेल्या होत्या. सकाळी आठला मी त्या बघितल्या होत्या तेव्हा अखंड होत्या. मी वर असतानाच तिसरी तडकली. आवाज एवढासा, नखाने काडी मोडावी तेवढा. कडीपाटाच्या फटीतून मातीची बारीक धार माझ्या हातावर पडायला लागली.

“पोरांनो, खाली उतरा. ताई, तुमी पण,” आबा म्हणाले. ते स्वतः मात्र काढलेल्या तीन पाचरी पुन्हा जागेवर बसवेपर्यंत उतरले नाहीत. यावरून मी नंतर त्यांच्याशी भांडले. त्यांनी ऐकून घेतलं.

दुपारभर टेकू लावले. लोखंडी जॅक, खाली भार पसरायला सागवानी फळ्या, वर तुळईला इजा होऊ नये म्हणून गोणपाट. सोळा जॅक लागले. साठ्यात नऊच होते. उरलेले शेजारच्या गावात एका मंगल कार्यालयाच्या स्लॅबखालून उसने आणले. स्लॅब पक्का व्हायची मुदत झालेली होती म्हणे, म्हणून दिले.

मग खांब तपासले. भिंतीने दोन खांब पोटात घेतले होते. खालच्या चार विटा काढून मी गिरमिट लावलं. साग असला की गिरमिटातून सोनेरी, तेलकट भुसा येतो आणि त्याला चामड्यासारखा वास असतो. पहिले दोन इंच तसाच भुसा आला. मग गिरमिट एकदम आत गेलं आणि तपकिरीसारखी काळी पूड सांडली. खांब बाहेरून खांब होता, आत काही नव्हतं. दुसऱ्याचं तेच. वरच्या मजल्याची सगळी माती, कोबा, महिरपी, आणि मागच्या वर्षी उद्घाटनपूर्व पाहणीला एकाच वेळी वर चढलेली पन्नास माणसं, सगळा भार या ‘नंतरच्या भरीने’ पेलला होता.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती ऑफिसात चहाबरोबर सांगून विसरले असते. शाळेने वाडा वाचवला, वगैरे. पण शुक्रवारी दोन्ही खांबांचे पाय पूर्ण उघडे केले. पहिल्या खांबाच्या पोकळीत विटांचे तुकडे आणि चुना ठासून भरलेला मिळाला. म्हणजे भिंत घालण्याआधीच तो खांब कुजला होता, कुणाला तरी ते कळलं होतं, आधी पोकळी भरून पाहिली आणि तेवढ्याने भागेना म्हणून भिंत घातली. दुसऱ्या खांबाच्या पोकळीत काहीच भरलेलं नव्हतं. तो बहुधा भिंत घातली तेव्हा धडधाकट होता. विटेत कोंडला गेला, जमिनीची ओल विटेतून चढत राहिली, लाकडाला वारा मिळाला नाही आणि तो आतून गेला. एकाच भिंतीने एका खांबाचा भार घेतला आणि दुसऱ्याला मारलं. पाचरी पहिल्या दिवसापासून भारावर होत्या, की दुसरा खांब बसत गेला तशा आवळत गेल्या? आबांचं म्हणणं, दोन्ही. मला अजून ठरवता येत नाही.

कॉलेजात व्हेनिसची १९६४ची सनद आम्हाला घोकायला लावली होती. तिचं अकरावं कलम सांगतं, इमारतीत वेगवेगळ्या काळांनी घातलेल्या योग्य भरीचा मान राखा, एकसारखी शैली आणणं हे जीर्णोद्धाराचं उद्दिष्ट नाही. परीक्षेत मी ते अचूक लिहिलं होतं. आणि नोकरीत पिवळा रंग उचलला.

मूळ स्वरूप हवं असं सगळेच म्हणतात. कुठल्या सालचं, ते कुणी विचारत नाही. शनिवारवाडा घ्या. १७३० मध्ये पायाभरणी, पुढे जवळपास प्रत्येक पेशव्याने काही वाढवलं, काही पाडलं. १८१८ नंतर तिथे तुरुंग आला, दवाखाना आला. १८२८च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. १९१९ मध्ये वास्तू संरक्षित झाली, नंतर उकरून जोती मोकळी केली, आणि आज आपण बघतो ती हिरवळ आणि जोती ही विसाव्या शतकाची रचना आहे. पेशवे तिथे आले तर वाट चुकतील. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, पण तो गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली. १८७९ मध्ये बुधवारवाड्याबरोबर त्यालाही आग लावली गेली. बुधवारवाडा संपला. विश्रामबाग जळूनही दुरुस्त झाला आणि नगरपालिकेचा कारभार त्यात कित्येक वर्षं चालला. त्याच्या सुरूच्या खांबांचे फोटो सगळे काढतात. तो टिकला कारण त्यात रोज सकाळी कुणीतरी दार उघडून कामाला बसत होतं, पण याचा फोटो निघत नाही.

आमच्या वाड्याचंही तेच. गावात कुणालाही विचारा, शाळेने वाड्याची वाट लावली असंच सांगतात. शनिवारी एक गृहस्थ चौथीचा वर्ग शोधत आले. वयाची सत्तरी पार केलेली. त्यांनी दुरेघी ओळखल्या, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “दर मे महिन्यात शिपाईमामा छप्पर शाकारायचे. आम्ही खालून कौलं द्यायचो.” शाळा गेली आणि शाकारणी थांबली. गोदामाच्या काळात गळणारी जागा दिसली की पोती सरकवायची एवढाच उपाय होता. वाट लागली ती त्या वर्षांत. पण गोदामाला कुणी शिव्या देत नाही, कारण त्याने भिंतीवर काही लिहून ठेवलेलं नाही.

आता फायलीत दोन प्रस्ताव आहेत. सल्लागारांचा: दोन्ही खांब बदलून कोरीव सागाचे नवे बसवायचे, भिंत काढायची, सदर मोकळी. चित्र फार सुंदर काढलंय, त्यात नऊवारीतली बाईसुद्धा आहे. माझा: खांबांचा कुजका पाय तेवढा कापून नवा साग सांध्याने जोडायचा, जोड लपवायची नाही, आणि भिंतीचा फळ्याकडचा निम्मा भाग ठेवून त्याच्या पायाची ओल तोडायची. माझ्या प्रस्तावात वाडा ना पेशवाई दिसतो ना शाळा. बैठकीत एका साहेबांनी नकाशाकडे बघत विचारलं, “मग आता या भिंतीचा रंग कुठला?” मी उत्तर दिलं नाही. निम्मी काळी, निम्मी पिवळी कशी करतात मला ठाऊक नाही.

महिनाअखेरीला मोजमाप पुस्तक भरायला बसले. वीटकाम काढणे, घनमीटरवर दर. गुरुवारपुढे आकडा आला शून्य पॉइंट शून्य चार. टेकूंना बाब होती, ती भरली. तीन पाचरी काढून पुन्हा ठोकण्याला नव्हती. ठेकेदाराने आबांची आणि पोरांची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली, काम झालं नाही म्हणून. मी भांडून पोरांची मिळवली. आबांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, हजेरीचं विचारतील.

“ताई, त्ये मंगल कार्यालयाचं जॅक परत द्यायचं न्हाईत अजून,” ते म्हणाले. “काय ती मुदत वाढवून घ्या.”